ब्रेकमधली हवा काढताना



पुसदकडच्या घाटात उतरताना
ब्रेकचं पेडल स्पंजासारखं दबतं का?
मग ब्रेकच्या नळीत हवा शिरलेली असू शकते.

ती काढायला दोघं जण लागतात.
गाडी सपाट जागी उभी करा.
चाकांना दगड लावा.
ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल त्यात भरा.
बहुतेक गाड्यांत सुरुवात
त्या डब्याहून सर्वांत लांबच्या चाकापासून होते.

एकानं पेडल दाबून धरावं.
दुसऱ्यानं चाकाजवळचा निपल सैल करावा.
बुडबुडे बाहेर येतील.
आधी निपल बंद,
मगच पेडल सोडायचं.

बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा.
ऑइलचा डबा रिकामा होऊ देऊ नका.

पुन्हा सांगतो,
आधी निपल बंद,
मगच पेडल सोडायचं.

पेडल कडक झालं नाही,
तर गाडी रस्त्यावर काढू नका.
मेकॅनिकला बोलवा.