राउटर घेताय? वाय-फायचा नव्हे, लाकडाचा!

आईच्या कपाटाचा ड्रॉवर करताना टेबलाखाली उलटा लावलेल्या माझ्या छोट्या ट्रिमरमधला पाव इंच दांड्याचा डोव्हटेल बिट सागवानात तुटला, थेट कानाजवळून गेला! चूक माझीच.

डोव्हटेलची खाच आत रुंद, तोंडाशी अरुंद. त्यामुळे बिट टप्प्याटप्प्यानं वर चढवता येत नाही. पूर्ण खोली एकाच फेरीत कापावी लागते. म्हणून टेबलासाठी अर्धा इंची कॉलेटचाच राउटर बघा. तेवढ्याच जोराला दुप्पट जाड दांडा १६ पट कमी वाकतो. दुसरं, उंची बारीक फिरवून बदलता यायला हवी. केसाएवढ्या फरकानं सांधा ढिला पडतो. आणि आधी सरळ बिटनं मधलं लाकूड काढून घ्याच.

ड्रॉवर झालाय. आई म्हणते, "कोडिंगपेक्षा हे बरं!" भेटू पुढच्या भागात.