गोल्ड स्टारचा कागद

पुण्याच्या लष्कर भागात मोटारसायकलींचे एक दुकान होते. आज त्या जागी दुसराच व्यापार चालतो. 1960 च्या सुमारास मी बारा वर्षांचा होतो. शाळा सुटली की नारायण पेठेतून पायी तेथे जावयाचे आणि दिवेलागणीपर्यंत मिस्त्र्यांना पाने-पेचकस उचलून द्यावयाचे, असा माझा नेम असे. घरी मात्र मी वाचनालयात जातो अशी समजूत होती.

दर्शनी भागात विक्रीच्या गाड्या असत. मद्रासची एनफील्ड, पुढे म्हैसूरची जावा. पण आमचे सारे लक्ष मागल्या खोलीकडे. तेथे शर्यतीच्या तीन विलायती गाड्या उभ्या असत: एक नॉर्टन, एक वेलोसेट आणि एक बी.एस.ए. गोल्ड स्टार. खोलीत एरंडेलाचा वास कोंदलेला असे. आजी रविवारी पहाटे जे पाजते तेच मुळात शर्यतीच्या इंजिनातही ओततात, हे कळले त्या दिवशी मी थक्क झालो. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा कॅस्टर म्हणजे एरंड, त्यावरूनच पडलेले!

वेलोसेटजवळ उभे राहून शेठ सांगत की, एका दाबास एक गिअर पडावा आणि दांडा आपोआप पूर्वस्थळी यावा, ही आज सर्वत्र रूढ असलेली सोय त्या कारखान्याच्या हॅरोल्ड विलिस यांनी 1930 पूर्वीच सिद्ध केली. नॉर्टनविषयी ते फारसे बोलत नसत. गोल्ड स्टारविषयी मात्र त्यांची वाणी थांबत नसे. 1937 च्या जूनमध्ये वॉल्टर हँडली या स्वाराने इंग्लंडातील ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर बी.एस.ए.ची गाडी ताशी 100 मैलांहून अधिक वेगाने फिरविली. शर्यतीत हा पराक्रम करणाऱ्यास तेथील क्लब छातीवर लावावयास लहानसा सोनेरी तारा देत असे. गाडीने त्या ताऱ्याचेच नाव घेतले. पुढे युद्धकाळात, 1941 साली, हँडली विमान-अपघातात मृत्यू पावले. हे सांगताना शेठ नेहमी हातातील फडके खाली ठेवीत.

दुकानातील गोल्ड स्टार 1956 सालची, 499 सीसीची, एकाच सिलिंडरची. सावकाश चालणे तिला ठाऊकच नव्हते. कार्ब्युरेटर शर्यतीचा असल्यामुळे उभ्या जागी ती धड टिकत नसे, तिला सारखे चेतवीत राहावे लागे. पहिला गिअर इतका लांब, की गर्दीच्या रस्त्यावर बिचाऱ्या क्लचचे हाल होत. किक मारताना हिशेब चुकला तर ती घोट्यावर उलटा तडाखा देई. माझ्या घोट्यास त्याचा अनुभव आहे.

बर्मिंगहॅमच्या कारखान्यात प्रत्येक गोल्ड स्टारचे इंजिन चाचणीस लावीत आणि किती फेऱ्यांस किती अश्वशक्ती भरली याचा कागद गाडीबरोबर देत. शेठ तो तिजोरीत ठेवीत. 1961 च्या जुलैत, आकडे उतरवून घेतो म्हणून, मी तो एका रात्रीपुरता मागून घरी नेला. दुसरा दिवस 12 जुलैचा. पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले, आणि नारायण पेठेत पाणी माडीपर्यंत चढले. आम्ही नेसत्या वस्त्रांनिशी निघालो. दप्तर गेले, वही गेली, कागदही गेला.

लष्कर भाग उंचावर, दुकानास ओलही लागली नव्हती. आठ दिवस मला तेथे जाण्याचे धैर्य झाले नाही. गेलो तेव्हा शेठनी प्रथम आई कशी आहे ते विचारले. कागदाचे नाव त्यांनी काढले नाही, आणि मला ते काढवले नाही.

1963 साली विलायतेत गोल्ड स्टार निघणेच बंद झाले. सुटे भाग तर त्यापूर्वीच दुर्मिळ झाले होते. त्याच वर्षी मुंबईचे एक गिऱ्हाईक आले. गाडी पसंत पडली, आणि त्यांनी कागद मागितला.

"पुरात गेला," शेठ म्हणाले. कोणाच्या घरच्या पुरात, ते बोलले नाहीत.

गिऱ्हाइकाचा चेहरा उतरला. तेव्हा शेठनी बिलबुकातील एक कोरा कागद फाडून माझ्यापुढे ठेवला. "तू उतरवले होतेस ना? मग लिही."

मी लिहू लागलो. त्या रात्री ते आकडे मी स्तोत्रासारखे घोकले होते. परंतु शेवटच्या ओळीपाशी लेखणी अडली. अंदाजाने एक आकडा मांडणार, तोच शेठनी माझे मनगट धरले.

"आठवत नसेल तर ती जागा मोकळी ठेव. आणि खाली सही तुझी कर."

गिऱ्हाइकाने कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि नोटा मोजावयास सुरुवात केली.