दडलेल्या मिती



भूमिती शिकविताना मी फळ्यावर रेघ ओढतो आणि रेषेला लांबी असते, रुंदी नसते, असे मुलांना सांगतो. एकदा पहिल्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, "सर, या रेघेला रुंदी आहे. मला इथून दिसते." शेवटच्या बाकावरील मुलांना ती दिसत नव्हती, एवढेच.

त्या मुलाच्या बोलण्यात आधुनिक पदार्थविज्ञानातील एका मोठ्या कल्पनेचे बीज होते. लांबी, रुंदी आणि उंची या तीन मिती आपल्या परिचयाच्या. काळ ही चौथी. याहून अधिक मिती असून केवळ अतिसूक्ष्म असल्यामुळे त्या आपणांस दिसत नसतील काय?

१९१९ साली क्योनिग्सबर्ग येथील थिओडोर कालुझा यांनी आइन्स्टाइन यांच्याकडे एक निबंध पाठविला. अवकाशाला आणखी एक मिती आहे असे मानले, तर गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांतूनच विद्युतचुंबकत्वाचीही समीकरणे निघतात, असे त्यात दाखविले होते. आइन्स्टाइनना कल्पना आवडली. तरी निबंध प्रसिद्ध होण्यास १९२१ साल उजाडले. ही मिती दिसत का नाही, याचे उत्तर स्वीडनचे ऑस्कर क्लाइन यांनी १९२६ मध्ये दिले. ती बांगडीप्रमाणे स्वतःवरच वळून मिटलेली आहे, आणि ती बांगडी अणुगर्भाहूनही कितीतरी लहान आहे.

पुढे तंतुसिद्धान्त आला. मूलकण म्हणजे कंप पावणारे सूक्ष्म तंतू होत, असे तो मानतो. त्याचे गणित सुसंगत राहावयाचे तर काळ धरून दहा मिती लागतात. म्हणजे सहा मिटलेल्या! त्याला अतिसममितीचीही जोड लागते. निसर्गात कणांच्या दोन जाती आहेत. इलेक्ट्रॉनसारखे, पदार्थ घडविणारे, ते फर्मिऑन. प्रकाशकणासारखे ते बोसॉन. हे दुसरे नाव आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून पडले आहे. प्रत्येक कणाला दुसऱ्या जातीचा एक जोडीदार असतो, असे अतिसममिती सांगते. इलेक्ट्रॉनच्या जोडीदाराला 'सिलेक्ट्रॉन' असे नावही मिळाले आहे. बारसे उरकले, बाळ मात्र अद्याप कोणी पाहिलेले नाही.

ही सममिती परिपूर्ण असती, तर जोडीदार मूळ कणाइतक्याच वस्तुमानाचा असता आणि केव्हाच सापडला असता. म्हणून तो अधिक जड असावा, असे मानतात. जिनिव्हाजवळील २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात २०१२ साली हिग्ज कण सापडला. असा जोडीदार मात्र एकही आढळलेला नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी नाजूक तराजूने गुरुत्वाकर्षण तपासले. मिती पुरेशी मोठी असती, तर अगदी जवळच्या अंतरावर न्यूटनचा नियम ढळला असता. २०२० साली त्यांनी मिलिमीटरच्या सुमारे ५२ सहस्रांश अंतरापर्यंत तो तपासला. तो अबाधित आढळला.

मग हे सारे खोटे काय? तसेही म्हणवत नाही. याहून लहान बांगड्या आणि याहून जड कण अद्याप शक्य आहेत. परंतु गणित सुंदर आहे म्हणून ते खरे, असेही शिक्षकाने शिकवू नये. माझ्या विद्यार्थ्याने रुंदीचे अनुमान केले नव्हते. त्याने ती पाहिली होती. दडलेल्या मितींपुढे आपण सारे अजून शेवटच्या बाकावरच बसलेलो आहोत, आणि मुलांना तेवढे प्रांजळपणे सांगणे हा विज्ञानशिक्षणाचाच भाग आहे.