दुकानात रेंगाळणारी मुलं

 

मागच्या भागानंतर एका बारावीतल्या मुलीची व्हॉइस नोट आली. ती म्हणते, "दादा, मी आणि मैत्रीण कॉस्मेटिक्सच्या दुकानात गेलो की तिथली ताई आमच्या मागे मागे फिरते. आईबरोबर गेले की तीच ताई हसून हातावर लिपस्टिक लावून दाखवते. असं का?"

मी लगेच उत्तर टाइप करायला घेतलं आणि थांबलो. कारण मला सांगली आठवली.

2012 साल. मी दहावीत. विश्रामबागेत क्लास असायचा आणि त्याच रस्त्यावर नवीन सुपरमार्केट उघडलं होतं. तोवर आमचं सामान कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून यायचं. तिथे काउंटरच्या अलीकडे आपण, पलीकडे माल. हात लावायचा प्रश्नच नाही, त्यामुळे संशयही नाही. इथे मात्र सगळं उघडं, हात लावा, वास घ्या, उचला. आम्ही तिघं हरखून आत शिरलो. दप्तरं दारातच जमा, हातात प्लास्टिकचं टोकन. बायकांच्या पर्स तेवढ्या आत जात होत्या, हे तेव्हाही लक्षात आलं होतं.

आम्हाला डिओ घ्यायचा होता. तिघांत मिळून ऐंशी रुपये. मग काय, प्रत्येक बाटलीची किंमत बघ, झाकण उघडून वास घे, परत ठेव. ऐंशीत काहीच बसेना. शेवटी तसेच निघालो. काही न घेता बाहेर पडायचा रस्ता अशा दुकानांत कधी नीट सापडत नाही, बिलिंगच्या रांगेतूनच अंग चोरून जावं लागतं. तिथेच गार्डने अडवलं.

"ए, थांबा. खिसे दाखवा."

माझ्या खिशावर त्याने नुसती नजर टाकली. तिसऱ्याचंही तसंच. पण आमचा एक मित्र होता, आपण त्याला पक्या म्हणू, त्याला सगळं बाहेर काढायला लावलं. रुमाल, बसचा पास आणि एक नवीन पेन.

"बिल?"

आता शाळेसमोरच्या टपरीवरून घेतलेल्या दहा रुपयांच्या पेनाचं बिल कोण देतं? मॅनेजर आला. पेन घेऊन आत गेला. आम्ही रांगेच्या शेजारी उभे, येणारे-जाणारे बघतायत, त्यात आमच्या वर्गातल्या एकाची आईसुद्धा. पंधरा मिनिटांनी कळलं की ते पेन त्यांच्याकडे विकायलाच नाही. मॅनेजरने पेन परत दिलं आणि म्हणाला, "जा. कामाशिवाय येत जाऊ नका." सॉरी वगैरे काही नाही.

पक्याचे वडील टेम्पो चालवायचे. त्याचा शर्ट विटलेला, पायात चप्पल. माझ्या पायात बूट. आणि खरं सांगायची गोष्ट ही की सकाळी त्याने ते पेन घेतलं तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा होतो. मी एक वाक्य बोलायला हवं होतं, "काका, माझ्यासमोर घेतलंय." नाही बोललो. वाटलं, बोललो तर माझेही खिसे उलटे करतील.

मग आली नोकरी. काही वर्षांपूर्वी मी ज्या प्रोजेक्टवर होतो, तिथे दुकानातल्या कॅमेऱ्यांच्या फुटेजवरून गिऱ्हाईक कुठे किती वेळ थांबतं ते मोजायचो. याला ड्वेल टाइम म्हणतात. गंमत बघा, हा एकच आकडा डॅशबोर्डवर दोन ठिकाणी दिसायचा. मार्केटिंगच्या टॅबमध्ये माणूस रॅकपुढे दोन मिनिटं थांबला तर तो "इंटरेस्टेड कस्टमर". सिक्युरिटीच्या टॅबमध्ये तोच माणूस लाल रंगात, "लॉयटरिंग अलर्ट". त्या अलर्टची मर्यादा, 120 सेकंद, मीच कोडमध्ये टाकली होती.

दुकानात सगळ्यात जास्त वेळ कोण थांबतं? ज्याच्याकडे ऐंशी रुपये आहेत तो. ज्याच्याकडे कार्ड आहे तो उचलतो आणि जातो. एका मीटिंगमध्ये मी विचारलं, अलर्ट चुकीचा निघाला तर? समोरून उत्तर आलं, "गार्ड जाऊन बघून येईल, त्यात काय?" त्यात काय असतं ते मला माहीत होतं, पण त्या दिवशीही मी फार ताणून धरलं नाही.

दुकानदाराची बाजू खोटी नाही हां. पोरं चोऱ्या करतात, कधी कधी निव्वळ पैज म्हणून करतात. किराण्यात मार्जिन कमी, एक वस्तू गेली की ती भरून काढायला बऱ्याच विकाव्या लागतात. पण मालाची जी तूट येते त्यात आतल्या स्टाफची चोरी, पुरवठादाराने कमी दिलेला माल, बिलिंगच्या चुका, हे सगळं असतं. दारात मात्र दप्तरच दिसतं.

आमचं सॉफ्टवेअर निदान वय तरी बघत नव्हतं, लाल चौकटीतल्या कुणाकडे जायचं ते गार्ड ठरवायचा. ब्रिटनमध्ये 2005 साली थेट वयावरच यंत्र निघालं. वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन यांनी "मॉस्किटो" बनवलं. दुकानाबाहेर लावायचं, साधारण 17 किलोहर्ट्झचा किरकिरा आवाज. वय वाढतं तसं कानाला वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, म्हणून तो आवाज मोठ्यांना जाणवत नाही, पोरांना असह्य होतो आणि ती निघून जातात. आता आईच्या कडेवरच्या बाळालाही तो ऐकू येतो, पण बाळ तक्रार कुठे करणार! 2006 मध्ये त्याला इग नोबेलही मिळालं, तेही शांततेचं. आणि पोरांनी काय करावं? तसाच आवाज मोबाईलची रिंगटोन केला. वर्गात फोन वाजतोय आणि सरांना पत्ताच नाही.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी पक्याला फोन केला. त्याचं आता मिरजेत मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. म्हटलं, ते पेनचं आठवतंय? म्हणाला, "आठवतंय की. तू गप्प होतास तेपण आठवतंय." मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

मी विचारलं, तुझ्याकडे शाळेची पोरं येतात का? म्हणाला, "रोज. सगळा माल काचेत ठेवलाय मी, उगाच कशाला कटकट. पण हेडफोन मागितला की काढून देतो. कानाला लावून बघतात, दहा-दहा मिनिटं गाणी ऐकतात. घेत काहीच नाहीत लेकाचे."

मग म्हणाला, "सांगलीला आलास की ये दुकानात." पुढच्या महिन्यात जातोय.