आधी उठणं, मग ज्ञान

गीतेचा पहिला अध्याय आपण भराभर उरकतो. खरा उपदेश दुसऱ्यापासून, असं म्हणतो. पण त्या अध्यायाचं नाव बघा, अर्जुनविषादयोग! विषाद कसा दिसतो, ते अर्जुन स्वतः सांगतो. गात्रं गळाली, तोंडाला कोरड पडली, हातातून गांडीव निसटायला लागलं. दुःख मनाचं, पण आधी खचलं काय? शरीर. शेवटी धनुष्य टाकून तो रथात बसला.

मग भगवंतांनी लगेच आत्म्याचं ज्ञान सांगितलं का? नाही. आधी उठायला सांगितलं, ज्ञान नंतर. आणि अर्जुन काही तेवढ्यानं उठला नाही हो. पुढचे सतरा अध्याय लागले. तोवर देव त्याला सोडून गेला नाही.

आपल्या कर्जत भागात पाऊस दगा देतो, डोक्यावर कर्ज होतं आणि चांगला राबता गडी ओट्यावर बसून राहतो. जेवत नाही, झोपत नाही, बोलत नाही. आपण म्हणतो, आळशी झाला. कुणी म्हणतो, नाम घेत नाही म्हणून झालं. माउली, मला हे बोलणं पटत नाही. ताप येतो तसंच हे दुखणं आहे. डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात या दुखण्याच्या १५६ माणसांवर एक प्रयोग झाला. १९९९ साली तो छापून आला. सगळी पन्नाशीच्या पुढची, म्हणजे आपल्याच पंगतीतली. काहींना गोळ्या दिल्या, काहींना आठवड्यातून तीन वेळा व्यायाम, काहींना दोन्ही. गोळ्यांचा गुण आधी दिसला, पण सोळा आठवड्यांनी तिन्हीकडे आराम जवळजवळ सारखाच. म्हणून चालू असलेली गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही बरं का! ते डॉक्टरांना विचारूनच.

कुणी म्हणेल, महाराज, आम्ही दिवसभर राबतोच की. खरंय. पण कर्जाचा हिशोब करत मारलेलं खुरपं वेगळं आणि सोबत्याच्या पावलाला पाऊल लावून चालणं वेगळं. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी आपल्या कर्जतवरून पंढरीला जाते, तेव्हा बघा. पहाटे उठणं, उन्हात चालणं, पावली, फुगडी, चार माणसांत जेवण आणि रात्री पाठ टेकली की झोप. सगळा व्यायामच आहे, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही. आपल्या गोदड महाराजांचा रथ ओढताना अंग कसं घामानं निथळतं! पण कामिका एकादशी वर्षातून एकदाच, आणि मन रोज खचतं.

तेव्हा घरात असा कुणी असेल तर त्याला "व्यायाम कर" म्हणून सांगू नका. त्याच्यानं होणार नाही. काकडा झाला की त्याच्या दारात जा, "चल माझ्यासंगं" म्हणा. पहिल्या दिवशी वेशीपर्यंत, दहा मिनिटं. नाही आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. मरणाची भाषा करत असेल, तर मात्र चालण्याची वाट बघू नका. एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सरकारच्या टेलीमानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो.

आता टाळ घ्या. गजराला बसायचं नाही, सगळे उभे राहा. शेजारी जो बसून राहील, त्याला हात द्या.