मेंदूतील महाकाय धमनीविस्फार आणि मूळ धमनी बंद करण्याचा उपचार

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी दुबळी झाली की रक्ताच्या दाबाने तो भाग फुगून तेथे पिशवी तयार होते. या विकाराला धमनीविस्फार म्हणतात आणि रुग्णालयात त्यालाच अॅन्युरिझम म्हटले जाते. पिशवीचा व्यास २५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असल्यास ती महाकाय गणली जाते. ती फुटण्याचा धोका जागेनुसार बदलतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, मेंदूच्या पुढील भागाच्या धमन्यांवरील महाकाय पिशव्या पाच वर्षांत फुटण्याचे प्रमाण ४० टक्के आढळले, तर मानेतून मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी डोळ्यामागे, कवटीच्या तळाशी, ज्या शिरांच्या कोशातून जाते तेथे ते ६.४ टक्के होते. या कोशातील पिशवी मात्र न फुटताही शेजारच्या मज्जातंतूंना दाबते, पापणी पडते, एका वस्तूच्या दोन दिसतात, आणि पुणे जिल्ह्यातील वेल्ह्यासारख्या डोंगरी भागात हा डोळ्यांचाच दोष समजून चष्म्यावर भागवले जाण्याचा संभव असतो.

लहान पिशवीच्या तोंडाशी शस्त्रक्रियेने क्लिप लावता येते किंवा आत प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, भरता येतात. महाकाय पिशवीचे तोंड रुंद असते व आत गोठलेल्या रक्ताचे थर असतात, त्यामुळे हे उपाय अनेकदा अपुरे पडतात. अशा वेळी पिशवीला रक्त पुरवणारी मूळ धमनीच कायमची बंद करतात. १७८५ साली लंडनमध्ये शल्यविशारद जॉन हंटर यांनी गुडघ्यामागील धमनीविस्फारासाठी मांडीतील धमनी बांधली आणि आजूबाजूच्या लहान वाहिन्यांनी पाय वाचवला. तेच तत्त्व पुढे मेंदूला लागू झाले. मॉस्कोचे शल्यविशारद सेर्बिनेन्को यांनी रक्तवाहिनीतून नेऊन सोडून देता येणाऱ्या फुग्याने धमनी बंद करण्याचे आपले अनुभव १९७४ साली प्रसिद्ध केले. आता हे काम बहुधा कॉइल करतात.

बंद करण्याची क्रिया त्या मानाने सोपी आहे. धमनी बंद झाल्यावर मेंदूला रक्त कोठून मिळणार, हा खरा प्रश्न आहे. मेंदूच्या तळाशी डाव्या, उजव्या व मागच्या धमन्या एकमेकींना जोडणारे वलय असते, ज्याचे वर्णन थॉमस विलिस यांनी १६६४ साली केले. वेल्ह्याजवळच्या तोरणा किल्ल्याच्या पायथ्याच्या भातखाचरात दोन पाटांनी पाणी येत असेल, तरच त्यांतील एक बुजवता येतो; येथेही तसेच आहे. वलयाचे जोड मात्र अनेकांत बारीक असतात, काहींत नसतातच. म्हणून आधी चाचणी करतात. जांघेतील धमनीतून बारीक नळी वर नेऊन कॅरोटिड धमनीत फुगा फुगवून सुमारे वीस ते तीस मिनिटे ठेवतात आणि त्या वेळात जाग्या असलेल्या रुग्णाला नाव विचारतात, आकडे मोजायला लावतात, दोन्ही हात उचलायला सांगतात. अनेक केंद्रांत रक्तदाब मुद्दाम थोडा उतरवूनही पाहतात. बोलणे अडखळले किंवा हात खाली आला, तर फुगा तत्काळ रिकामा केला जातो. चाचणी निभावलेल्या रुग्णांपैकीही थोड्यांना पुढे पक्षाघात होतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या शिरा किती अंतराने भरतात हेही क्ष-किरण चित्रांत ताडून पाहतात.

चाचणी न निभावणाऱ्यांसाठी डोक्याच्या त्वचेची धमनी मेंदूच्या धमनीला जोडून आधी पर्यायी वाट तयार करता येते. ही शस्त्रक्रिया शल्यविशारद यासारगिल यांनी १९६७ साली झ्यूरिकमध्ये केली. अलीकडे दाट विणीची जाळीदार नळी धमनीत बसवून, धमनी खुली ठेवूनच पिशवीतील प्रवाह मंदावता येतो, परंतु तिच्यासोबत रक्त न गोठण्याची औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात.

अशा उपचारांचा अनुभव मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासारख्या मोठ्या संस्थांत साठलेला आहे. वेल्ह्याच्या रुग्णाला नसरापूरमार्गे पुणे वा मुंबई गाठावीच लागते. धमनी बंद झाल्यावर पिशवी गोठते आणि काही महिन्यांत आकसू लागते, परंतु वाढलेला प्रवाह वाहणाऱ्या उरलेल्या धमन्यांवर पुढे नवी पिशवी येऊ शकते. म्हणून विडी-सिगारेट सोडणे, रक्तदाब गावातच नियमित तपासणे आणि ठरल्या वेळी पुन्हा चित्रण करून घेणे, हा या उपचाराचाच भाग ठरतो.