मनाचा रवंथ

नेरळहून कळंबकडे निघालं, की भाताची खाचरं लागतात. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसरीकडे भीमाशंकरची रांग. बांधावर म्हैस निवांत रवंथ करते. माणूसही रवंथ करतो, पण विचारांचा: ‘तो असं का बोलला? माझंच चुकलं का?’ हे दळण थांबत नाही, तेव्हा मन खचतं.

2015 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही जणांना 90 मिनिटं झाडा-गवतातून चालवलं, तर काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेनं. झाडांमधून चालून आलेल्यांचा हा रवंथ कमी झाला. मेंदूच्या पुढच्या भागातली, त्याच्याशी जोडलेली हालचालही मंदावली.

इंग्लंडमध्ये 2019 साली सुमारे 20 हजार लोकांच्या पाहणीत दिसलं, की आठवड्याला किमान दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांना अधिक बरं वाटत होतं. हा वेळ सलग हवा, असंही नव्हतं.

म्हणून सकाळी मोबाइल घरी ठेवून बांधावरून एक फेरी मारा. मात्र झोप उडाली, उदासी हटेना, तर डॉक्टरांकडे जा, किंवा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.